खवल्यांची वीण: तोरणावरचे खवले छताकडे तोंड करून का उभे राहिले?

निळी_लोकर | १२ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार. गौरी येतील त्या दारावर या वर्षी स्वतः विणलेले तोरण लावायचे, असे मी पावसाळा सुरू होतानाच ठरवले. तेव्हापासूनचे तीन आठवडे विणण्यापेक्षा उसवण्यातच अधिक गेले आहेत, म्हणून हा धागा उघडत आहे.

क्रोशाची सुई मला नवी नाही. साखळी, मुका खांब (बुटका टाका) आणि खांब (त्याहून उंच टाका) हे तिन्ही टाके मी सहावीत असताना आत्याकडून शिकले आणि तेवढ्या भांडवलावर टीव्हीवरचा रुमाल, तांब्यावर घालायची जाळी आणि दोन भाच्यांची टोपडी विणली. उठावाची वीण मात्र कधी हाती घेतली नव्हती. गेल्या वैशाखात गडहिंग्लजला एका लग्नात नवरीच्या मावशीच्या हातात एक बटवा पाहिला. त्यावर अर्धगोल खवले एकावर एक असे बसले होते की वरून खाली बोट फिरवले तर ते सरळ घसरत जाई आणि खालून वर फिरवले तर प्रत्येक खवल्याशी अडे. विचारल्यावर त्यांनी ‘क्रोकोडाइल स्टिच’ एवढेच सांगितले आणि पंगत बसली.

घरी येऊन एक व्हिडिओ लावला. त्यातील बाई ‘डबल क्रोशे’ म्हणत होत्या. आत्याकडच्या जुन्या इंग्रजी पुस्तकात ‘डबल क्रोशे’ या नावाखाली मुका खांब दिलेला असल्यामुळे मी चित्राकडे न पाहता मुके खांब घालत गेले. ते इतके बुटके होते की एकाच्या अंगावर पाच खांब घालायचे म्हटल्यावर दोनच मावले. चूक समजल्यावर सगळे उसवले, पूर्ण उंचीचे खांब घातले, आणि या वेळी खवले खरोखरच आले. चार ओळी झाल्यावर हौसेने पट्टी दारावर धरून पाहिली, तर सगळे खवले छताकडे तोंड करून उभे. पट्टी उलटी धरली तर खवले सरळ होतात, पण मग सुरुवातीची साखळी खाली येते आणि खालच्या कडेसाठी मनात योजलेली जाळी तिथे बसत नाही. हे असे का होते, आणि तोरणाची सुरुवात नेमकी कुठून करावी?

उसवाउसव | १२ जुलै, रात्री १०.१५

आपल्या दुःखात सहभागी आहे. मी हीच वीण टोपीवर केली होती आणि टोपी वरून खाली विणल्यामुळे मुलगा साळिंदरासारखा दिसत होता. उत्तर मलाही हवे आहे.

वळचण | १३ जुलै, सकाळी ६.५०

निळी_लोकर, आपला प्रश्न वाचून मला माझ्या माहेरच्या घराचे, शिवाजी पेठेतल्या जुन्या छपराचे चित्र डोळ्यांपुढे आले. मृगाच्या आधी घर शाकारायला माणसे येत, तेव्हा ती आधी वळचणीला कौलांची ओळ लावीत आणि मग एकेक ओळ आढ्याकडे चढवीत नेत. वरची कौले खालच्या कौलांच्या डोक्यावर बसली तरच पाणी बाहेर वाहते. कोणी आढ्यापासून खाली कौले लावू लागला, तर प्रत्येक खालची ओळ वरच्या ओळीच्या पोटाखाली सरकवत बसावे लागेल. या विणीला माझी आई ‘कौलांची वीण’ म्हणत असे, आणि माझ्या मते मगरीपेक्षा ते नाव अधिक कामाचे आहे, कारण त्या नावातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

कारण असे. या विणीत एक ओळ जाळीची आणि एक ओळ खवल्यांची असते. खवला जाळीतल्या खांबांच्या माथ्यावर विणला जात नाही. तो त्यांच्या उभ्या दांडीवर विणला जातो. विणकाम एका दांडीवरून खाली उतरते आणि शेजारच्या दांडीवरून परत वर चढते, त्यामुळे खवल्याचे टोक नेहमी त्या खांबांच्या पायाकडे, म्हणजे पहिल्या साखळीच्या दिशेला पडते. आपण साखळी दाराच्या वरच्या कडेला धरली, म्हणून टोके छताकडे गेली. साखळी खाली हवी. तीच आपली वळचण.

आता पूर्ण रीत लिहिते. घाईत वाचू नये, हातात सुई घेऊनच वाचावे.

साखळ्या सहाच्या पटीत घालाव्यात. पहिल्या ओळीत जितके खवले हवेत त्यात एक मिळवून सहाने गुणावे. पाच खवल्यांच्या नमुन्याला ३६ साखळ्या होतात. सुईपासून नवव्या साखळीत दोन खांब एकत्र घालावेत. ही झाली जोडी. मग दोन साखळ्या घालून, खालच्या दोन सोडून तिसरीत एकटा खांब. पुन्हा दोन साखळ्या, दोन सोडून तिसरीत जोडी. असे एकाआड एक करत शेवटच्या साखळीत एकटा खांब येतो. सुरुवातीला जी जास्तीची लांब साखळी सुटली, तिच्यातल्या तीन साखळ्या एकट्या खांबाच्या जागी आणि दोन अंतराच्या जागी धराव्यात. म्हणजे दोन्ही कडांना एकटे खांब आणि मध्ये पाच जोड्या.

काम उलटावे आणि एक साखळी घालावी. आता खवला. जोडीतला उजवीकडचा खांब धरावा आणि संपूर्ण काम घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव वळसा फिरवावे, म्हणजे तो खांब आडवा होईल, त्याचा माथा उजवीकडे आणि पाय डावीकडे येईल. सुईवर दोरा घेऊन ती त्या दांडीच्या एका बाजूने खाली घालून दुसऱ्या बाजूने वर काढावी आणि दांडीला कवेत घेऊन नेहमीसारखा खांब पुरा करावा. असे पाच खांब माथ्यापासून पायापर्यंत, दाटीवाटी न करता. मग एक साखळी. हे खवल्याचे टोक. आता काम उलट दिशेने अर्धा वळसा फिरवावे, म्हणजे जोडीतला दुसरा खांब पाय उजवीकडे करून आडवा येतो, आणि त्याच्यावर पायापासून माथ्यापर्यंत पाच खांब घालावेत. काम सरळ करून पुढच्या एकट्या खांबाच्या माथ्यात एक स्लिप स्टिच (उंची न वाढवणारा जोडटाका) घालावी, म्हणजे खवला जागेवर बसतो.

नवशिक्यांचे सगळे अडते ते या फिरवण्यात. हात तोच ठेवून सुई वाकडीतिकडी घालण्याचा मोह होतो, तो टाळावा. सुई नेहमीच्याच दिशेने चालली पाहिजे, फिरायचे ते कामाने.

निळी_लोकर | १३ जुलै, सकाळी ११.०५

काकू, मनापासून आभार. कौलांचे वाचताच सगळे लख्ख झाले. एक शंका: तिसऱ्या ओळीत, म्हणजे पुन्हा जाळीच्या ओळीत, खांब कुठे घालायचे? मी ते खवल्याच्या कडेवर घातले होते आणि खवले मागे ओढले जाऊन चिंबल्यासारखे दिसत होते.

वळचण | १३ जुलै, दुपारी ३.२०

खवल्याच्या कडेला हात लावू नये, ती मोकळीच राहिली पाहिजे. काम उलटल्यावर पाठीमागून पाहिले की जोडीच्या दोन माथ्यांमधली फट दिसते. एकटा खांब त्या फटीत घालावा. जोडी आता मागच्या ओळीतल्या एकट्या खांबाच्या माथ्यावर घालावी. म्हणजे जिथे जोडी होती तिथे एकटा आणि जिथे एकटा होता तिथे जोडी, अशी अदलाबदल होते आणि वरचा खवला खालच्या दोन खवल्यांच्या सांध्यावर बसतो. कडांना आता जोड्या येतील. तिथे तीन साखळ्या आणि त्याच जागी एक खांब मिळून एक जोडी धरावी. फक्त खवल्यांच्या ओळी मोजल्या, तर पहिल्या ओळीत पाच खवले असतील तेव्हा दुसऱ्या ओळीत सहा होतील, तिसरीत पुन्हा पाच. संख्या बदलली म्हणून घाबरून उसवू नये.

सहा खवल्यांची ओळ संपते तेव्हा आपण कडेच्या खवल्याच्या वर असतो. तिथून एक स्लिप स्टिच त्या जोडीच्या मधल्या फटीत घालून मगच पुढची ओळ सुरू करावी, नाहीतर कडेला कोपरा सुटतो.

डावखुरी | १३ जुलै, रात्री ८.३०

मी डाव्या हाताने विणते. मला हे सगळे उलट करावे लागेल का?

वळचण | १३ जुलै, रात्री ९.००

हो, आरशात पाहिल्यासारखे. आपण डावीकडून उजवीकडे जाता, म्हणून जोडीतला डावा खांब आधी धरावा आणि काम घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावे, म्हणजे माथा डावीकडे येईल. मोजणी तीच राहते.

सूत_आणि_पीळ | १४ जुलै, सकाळी ९.१०

मी इचलकरंजीचा. विणकाम येत नाही, पण आयुष्य सुतात गेले आहे आणि घरी पत्नी क्रोशा करते, म्हणून दोऱ्याविषयी लिहितो. तिने एकदा माझ्याकडून यंत्रमागाच्या सुताचा कोन मागून घेतला, कारण तो लडीच्या मानाने स्वस्त पडतो. साध्या खांबांचा रुमाल त्यातून बरा झाला; खवले मात्र जमेनात. मागाचे सूत बहुधा एकपदरी असते. दांडीभोवती सुई फिरवताना ती दरवेळी सुताच्या पोटात शिरते आणि पीळ फुटून तंतू सुटतात. या विणीला पदर एकत्र पिळलेला दोरा लागतो. मर्सराइज्ड असेल तर अधिक चांगला. सूत कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून ताण देऊन काढलेले असल्यामुळे त्याला चकाकी येते आणि त्याचे तंतू सहज सुटत नाहीत.

दुकानात काउंट विचारताना एक लक्षात ठेवावे. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात तो त्या सुताचा काउंट, म्हणून आकडा जितका मोठा तितके सूत बारीक. जुन्या पोलादी क्रोशा सुयांचेही तसेच आहे, मोठ्या क्रमांकाची सुई बारीक असते. हल्लीच्या सुयांवर मिलिमीटर लिहिलेले असतात, तेच पाहून घ्यावे.

उसवाउसव | १४ जुलै, सकाळी १०.००

मिलिमीटरचे मान्य, परंतु नावांचा घोळ कोणी मिटवेल का? निळी_लोकर ज्यात फसल्या त्यातच मीही फसलो होतो.

डावखुरी | १४ जुलै, दुपारी १२.४०

तो मी मिटवते, कारण मी त्यावर एक आख्खी शाल घालवली आहे. अमेरिकी नमुन्यात ‘डबल’ म्हणजे आपला खांब. ब्रिटिश नमुन्यात त्याच खांबाला ‘ट्रेबल’ म्हणतात आणि ‘डबल’ म्हणजे आपला मुका खांब. नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ हे शब्द दिसले की तो अमेरिकी समजावा, कारण ब्रिटिश पद्धतीत ते नाव चालत नाही. आपल्याकडची जुनी इंग्रजी पुस्तके बहुतेक ब्रिटिश नावांनी चालतात आणि व्हिडिओ बहुतेक अमेरिकी, म्हणून आत्याकडे शिकलेला माणूस व्हिडिओसमोर हमखास चुकतो. मराठीत एकदा ‘खांब’ म्हटले की वादच उरत नाही.

निळी_लोकर | १६ जुलै, रात्री १०.२०

पाच खवल्यांचा नमुना झाला. सुती दोरा आणि २.५ मिलिमीटरची सुई वापरली. टोके खाली, सांध्यावर खवला, सगळे शास्त्रशुद्ध. उजव्या दांडीवरचे पाच खांब नीट बसतात. डाव्या दांडीवर मात्र मी चौथ्यापर्यंत आले की जागा संपते. नमुना ११ सेंटिमीटर रुंद भरला, म्हणजे एक खवला २.२ सेंटिमीटरचा.

महाद्वार रोडवरच्या एका दुकानात दोरा घेताना मी सहज सांगितले की एवढ्याशा तोरणाला दोन लड्या पुरतील, तर विक्रेत्याने काहीही न बोलता आणखी तीन समोर ठेवल्या. खरेच इतका दोरा लागतो का?

सूत_आणि_पीळ | १७ जुलै, सकाळी ८.४५

लागतो, आणि हिशेब घरच्या घरी करता येतो. सहा साखळ्यांच्या रुंदीत साधी खांबांची ओळ घातली तर सहा खांब लागतात. तेवढ्याच रुंदीत या विणीत जाळीचे तीन खांब, खवल्याचे दहा, आणि साखळ्या पाच. पाच साखळ्यांचा दोरा ढोबळमानाने दीड खांबाएवढा धरला तर बेरीज साडेचौदा खांबांची होते. खवल्यांची ओळ जाळीच्या ओळीवरच पसरते, उंची वाढवत नाही. म्हणून तेवढ्याच कापडाला जवळजवळ अडीचपट दोरा खर्च होतो. विक्रेत्याला आकडे माहीत नसतील, पण गिऱ्हाईक परत येऊन त्याच छटेची लडी मागते आणि ती मिळत नाही, हे त्याने पाहिलेले असते. एकाच रंगाच्या, पण वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या दोन घाण्यांत फरक पडतो, म्हणून सगळा दोरा एकदम घ्यावा.

वळचण | १७ जुलै, सकाळी ११.३०

डाव्या दांडीवर जागा संपते याचे कारण बहुधा जाळीच्या ओळीतच आहे. आपण जोडीतले दोन्ही खांब एकाच साखळीत घालता, तेव्हा एक खांब घालताना दोरा नकळत आवळला जातो आणि तो जोडीतल्या दुसऱ्यापेक्षा किंचित बुटका होतो. जाळीची ओळ घालताना सुईवरचा पहिला टाका जरा उंच ओढावा. त्यातूनही जमले नाही आणि दोरा जाड असेल, तर दोन्हीकडे चार चार खांब घालावेत. कोणी म्हणेल की पाचच हवेत. मला ते पटत नाही. जाड लोकरीत पाच कोंबले की खवल्याची कड झालरीसारखी लाटा मारते आणि खवला सपाट बसतच नाही. आपल्या सुती दोऱ्याला मात्र पाच योग्य आहेत.

उसवाउसव | १७ जुलै, दुपारी १.००

लोकरीचा विषय निघालाच आहे तर माझा गुन्हा कबूल करतो. साळिंदराची ती टोपी अ‍ॅक्रिलिकची होती. खवले बसावेत म्हणून मी तिच्यावर गरम इस्त्री फिरवली. खवले बसले, ते कायमचेच. पापडासारखी सपाट आणि गुळगुळीत टोपी अजून कपाटात आहे.

सूत_आणि_पीळ | १७ जुलै, दुपारी २.१५

अ‍ॅक्रिलिक उष्णतेने मऊ पडते आणि गेलेला उठाव परत येत नाही. सुती कामाला पाणी चालते. ओले करून, प्रत्येक खवल्याचे टोक बोटाने ओढून, टाचण्या लावून सावलीत वाळवावे. तोरण लाल असेल तर आधी दोऱ्याचा तुकडा भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून पाहावा. रंग उतरत असेल तर पांढऱ्याशी जोडू नये.

डावखुरी | १७ जुलै, संध्याकाळी ६.५०

खळ घालावी का? माझी आजी रुमालांना साखरेचे पाणी लावायची.

वळचण | १७ जुलै, संध्याकाळी ७.३०

साखरेने कडकपणा छान येतो आणि मुंग्याही छान येतात. दारावरच्या वस्तूला तर नकोच. आरारूटची पातळ खळ पुरे, आणि तीही फक्त जाळीच्या बाजूने, पाठीमागून. खवल्याच्या आत खळ साचली की तो ताठ होऊन वर उचलला जातो. या पावसात वाळायला तीन दिवस धरावेत. अर्धवट ओले काम घडी घालून ठेवले तर बुरशीचे काळे ठिपके पडतात, आणि ते सुतातून जात नाहीत.

निळी_लोकर | २ ऑगस्ट, रात्री ९.१५

आमचा दरवाजा चौकटीच्या आतून ९२ सेंटिमीटर भरला. एका खवल्याला २.२ सेंटिमीटर धरून ४२ खवले बसतात, म्हणून ४३ गुणिले सहा, अशा २५८ साखळ्या घातल्या. मोजताना दर तीस साखळ्यांना दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याची गाठ अडकवत गेले. ही युक्ती माझी नाही, आत्याची आहे, आणि तिच्याशिवाय मी तीनदा चुकले असते. पाच ओळींत ४२, ४३, ४२, ४३, ४२ असे २१२ खवले होतील. आज तिसरी ओळ चालू आहे. काम फिरवण्याचा आता हाताला सराव झाला आहे. बोलता बोलताही खवला पुरा होतो, फक्त टोकाची साखळी विसरले की तो बोथट दिसतो आणि तेवढा एक उसवावा लागतो.

खालच्या कडेच्या जाळीचा बेत मात्र मी सोडून दिला आहे. पहिल्या साखळीवर दर दुसऱ्या खवल्याखाली गोंडा बांधून पाहिला, तर खवल्याचे टोक साखळीच्या थोडे खाली उतरते आणि गोंड्याची गाठ त्याच्या आड झाकली जाते. जाळी घातली असती तर हीच टोके तिच्यावर येऊन तिची नक्षी लपली असती.

वळचण | ३ ऑगस्ट, सकाळी ७.००

गोंडे बांधायचे असतील तर पाचवी ओळ झाल्यावरच बांधावेत. काम फिरवताना ते दोऱ्यात गुंततात. वरच्या कडेला शेवटी मुक्या खांबांची एक घट्ट ओळ घालावी आणि तिच्यातून जाड दोरी ओवावी, नाहीतर गोंड्यांच्या वजनाने तोरण मध्ये झुकेल.

निळी_लोकर | २९ ऑगस्ट, दुपारी ४.४०

तोरण पूर्ण झाले. मुक्या खांबांची ओळ घातली, दोरी ओवली, एकवीस गोंडे बांधले. पाठीमागून खळ लावून ते पाटावर टाचले आणि काकूंनी तीन दिवस म्हटले होते तिथे पाच दिवस लागले. काल दारावर चढवून पाहिले. टोके सगळी खाली आहेत. चौथ्या ओळीत डावीकडून सातव्या खवल्याला उजवीकडे पाचऐवजी सहा खांब पडले आहेत, हे मला वर चढवल्यावर दिसले. पाचवी ओळ उसवल्याशिवाय तो सुटत नाही, म्हणून तो तसाच ठेवला आहे. आत्या उद्या येणार आहे. तिला तो किती वेळात सापडतो ते पाहायचे आहे.

उसवाउसव | २९ ऑगस्ट, संध्याकाळी ५.१०

निळी_लोकर, अभिनंदन. टोपीसाठी नवी लोकर आणली आहे आणि या वेळी कानाकडून शेंड्याकडे विणणार आहे. काकू, शेंड्याकडे जाताना खवले कमी कसे करायचे?

वळचण | २९ ऑगस्ट, रात्री ८.४५

खवल्यांची संख्या कमी करू नये, त्यांचा आकार कमी करावा. दोन ओळी पाच-पाच खांबांच्या झाल्या की पुढच्या दोन चार-चारच्या आणि मग तीन-तीनच्या घालाव्यात, आणि मधल्या दोन साखळ्यांची एक करावी. घेर आपोआप आवळत जाईल. शेंड्याला उरलेल्या माथ्यांतून दोरा ओवून ओढून घ्यावा. आणि इस्त्री माळ्यावर टाकावी.